ब्रिटनमध्ये एका वर्षासाठी शिकायला जाताना: फोन कॉन्ट्रॅक्टवर की पे ॲज यू गो?

सांगलीचा_बाबा

मुलगी सप्टेंबरमध्ये मँचेस्टरला एमएस्सीला चालली आहे. अभ्यासक्रम १२ महिन्यांचा. सध्याचा फोन चार वर्षांचा, बॅटरी दुपारीच मान टाकते, त्यामुळे नवा घेणं भाग आहे. बजेट साधारण पन्नास हजार रुपये.

तिच्या बॅचच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो तिथं गेल्यावर कॉन्ट्रॅक्ट करा, महिना तीसेक पौंडांत नवाकोरा फोन आणि सिम, खिशाला एकदम चाट नाही. दुसरा म्हणतो पे ॲज यू गो, म्हणजे इकडच्या प्रीपेडसारखं आधी पैसे भरून वापरायचं सिम घ्या आणि मोकळे व्हा. जाणकारांनी सांगावं:

१. नव्यानं गेलेल्या विद्यार्थ्याला कॉन्ट्रॅक्ट मिळतं का?
२. वर्षानं परत आली तर उरलेल्या हप्त्यांचं काय?
३. फोन इथूनच घेऊन दिला तर तिथं नीट चालेल ना?
४. इकडचा नंबर बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवायचा आहे.

---

हिशेबी_माणूस

काका, फोन आणि सिम या दोन वेगळ्या खरेद्या आहेत. कॉन्ट्रॅक्टवाले दोन्हींची मोट बांधून विकतात, म्हणून फोन नेमका कितीला पडला ते दिसतच नाही. मोट सोडून हिशेब मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्यक्ष ऑफरचे आकडे घालून हीच आकडेमोड करा.

समजा फोन दुकानात रोख ४०० पौंडांना आहे. कॉन्ट्रॅक्टमध्ये सुरुवातीला २० पौंड आणि २४ महिने दरमहा २९ पौंड. वरवर पाहता २९ गुणिले २४ म्हणजे ६९६, अधिक २०, म्हणजे ७१६. पण दरवर्षी एप्रिलच्या सुमारास दर वाढतो. पूर्वी ही वाढ महागाई निर्देशांक अधिक तीन-चार टक्के अशी असायची, म्हणजे किती वाढणार ते आधी कुणालाच कळायचं नाही. १७ जानेवारी २०२५ पासून ऑफकॉमनं, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकानं, नव्या करारांत ते बंद केलं. वाढ किती ते आता सही करण्याआधी पौंड-पेन्समध्ये लिहून द्यावं लागतं. लिहून देतात, पण बारीक अक्षरात. ती महिना अडीच पौंड धरा.

सप्टेंबर ते मार्च: ७ × २९ = २०३
एप्रिल ते पुढचा मार्च: १२ × ३१.५० = ३७८
शेवटचे पाच महिने: ५ × ३४ = १७०
सुरुवातीचे २० धरून एकूण ७७१ पौंड.

तोच फोन रोख ४०० आणि महिना १० पौंडांचं सिम २४ महिने म्हणजे २४०, एकूण ६४०. फरक १३१ पौंडांचा.

पण तुमची मुलगी २४ महिने तिथं असणार नाही, आणि खरी गोम इथेच आहे. देश सोडून जाणं हे करार मोडायला कारण धरत नाहीत. बाराव्या महिन्यानंतर बाहेर पडली तर उरलेले बारा हप्ते, म्हणजे वरच्या उदाहरणात सुमारे ३९० पौंड, एकरकमी मागतात. कंपनी त्यातून थोडीफार सूट वजा करते, तेवढीच. सुट्या खरेदीत वर्षाचा खर्च ४०० अधिक १२० म्हणजे ५२०, आणि फोन हातात.

डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँक खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता, बंद करून विमानात बसायचं हा सल्ला ग्रुपवर कुणीतरी देणारच. तो ऐकू नका. थकबाकीची नोंद तिच्या क्रेडिट फाइलवर, म्हणजे तिथल्या उधारी-फेडीच्या नोंदवहीत, सहा वर्षं राहते आणि फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, काळ्या यादीत जाऊ शकतो. पुढे नोकरीसाठी परत गेली तर घरमालकाचा एजंट भाड्याचं घर देण्याआधी पहिली तीच फाइल उघडतो.

सहीपूर्वी एक गोष्ट नक्की बघायची: करार एकच आहे की दोन. काही कंपन्या फोनसाठी वेगळा बिनव्याजी कर्जकरार करतात आणि सिमसाठी वेगळा. हा प्रकार बराच बरा. दरवाढ फक्त सिमच्या भागावर लागते, फोनचे उरलेले पैसे कधीही एकदम फेडता येतात, आणि मुदत संपली की फोनचा हप्ता आपोआप थांबतो. एकत्र करारात मुदत संपल्यावरही तेवढंच बिल येत राहू शकतं. मुदत संपत आल्याचा निरोप पाठवणं कंपनीवर बंधनकारक आहे, पण तो वाचून हालचाल ग्राहकानंच करायची.

---

टॉवरखालचा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण 'फोन आहे म्हणजे कुठेही चालतो' हा समज महागात पडतो.

पहिली गोष्ट, बँड, म्हणजे नेटवर्क ज्या रेडिओ लहरींवर चालतं त्यांचे ठरलेले पट्टे. ब्रिटनमध्ये इमारतींच्या आत आणि गावाबाहेर फोरजी मुख्यतः ८०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड २० वर मिळतं. भारतात हा बँड वापरातच नाही. त्यामुळे इथे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त आणि मध्यम फोनांत तो दिलेलाच नसतो. १, ३, ५, ८, ४०, ४१ एवढेच असतात. असा फोन मँचेस्टरच्या रस्त्यावर उत्तम चालतो आणि हॉस्टेलच्या जाड भिंतींच्या खोलीत शिरला की एका कांडीवर येतो. मग सगळे नेटवर्कच्या नावानं बोटं मोडतात. कंपनीच्या साइटवर भारतीय मॉडेलचं तपशीलपत्रक उघडा, फोरजीच्या यादीत १, ३, ७, ८ आणि २० हवेत. फाइव्हजीला ७८ आणि २८ पुरे, ते इथल्या फोनांत सहसा असतात. ब्रँड आणि नाव तेच असलं तरी देशागणिक बँड बदलतात, म्हणून यूट्यूबवरच्या परदेशी रिव्ह्यूवर विसंबू नका.

दुसरी गोष्ट व्होएलटीईची, म्हणजे फोरजीवरून साधा कॉल करायच्या सोयीची, आणि ही जास्त छळते. ब्रिटनमधल्या नेटवर्कांनी २०२४-२५ मध्ये थ्रीजी आवरतं घेतलं. आता कॉल फोरजीवरून जातो, नाहीतर टूजीवर घसरतो. टूजीही २०३३ पर्यंत जायचं आहे. फोनमध्ये व्होएलटीई असणं पुरत नाही, त्या नेटवर्कसाठीची जुळणी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. आयफोन, पिक्सेल यांना सहसा अडचण येत नाही. बाहेरून आणलेल्या इतर अँड्रॉइड फोनांत येऊ शकते. ओळखायचं कसं? कॉल लावा आणि वरच्या पट्टीकडे बघा. 'फोरजी' जाऊन 'ई' किंवा 'टूजी' आलं तर व्होएलटीई चालत नाही. थ्री नावाच्या कंपनीचं स्वतःचं टूजी नेटवर्क कधी नव्हतंच, म्हणून थ्रीवर चालणाऱ्या सिमवर असा फोन इंटरनेट झकास देतो आणि साधा कॉल मात्र लावत नाही. मुलं तर व्हॉट्सॲपवरच बोलतात, त्यामुळे कळतं कधी, तर डॉक्टरच्या दवाखान्याला फोन लावायची वेळ येते तेव्हा.

सॅमसंग घेणार असाल तर आणखी एक. त्यांच्या फोनांना प्रदेशाचं कुलूप असतं. पाकिटातून काढल्यावर भारतीय सिम घालून एकूण पाच मिनिटांहून जास्त कॉल करा, मगच ते सुटतं आणि परदेशी सिम चालतं. निघायच्या आदल्या रात्री बॅगेत बंद पाकीट टाकू नका.

वॉरंटी बहुतेक अँड्रॉइड कंपन्यांची ज्या देशात घेतला त्या देशापुरती असते. आणि तिथून घेऊन परत येताना व्हॅट, म्हणजे तिथला विक्रीवरचा कर, परत मिळेल असं कुणी म्हणालं तर ती सोय इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे.

---

सांगलीचा_बाबा

बँडचं हे अजिबात माहीत नव्हतं. जो फोन बघून ठेवला होता त्याच्या यादीत २० नाही, म्हणजे तो बाद. हिशेबी, गणित पटलं. पण मग कॉन्ट्रॅक्ट कुणीच घेऊ नये असं म्हणायचं का?

---

लीड्सकरीण

घ्यावं की, फक्त कोणतं ते बघून. हिशेबींनी पौंडांचा हिशेब मांडला, पतीचा राहिला. पत म्हणजे क्रेडिट हिस्टरी हो.

भारतातला सिबिल स्कोअर तिकडे चालत नाही. तिथल्या तीन संस्था, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन, यांच्याकडे नव्या विद्यार्थ्याची पाटी कोरी असते. फोनचं कॉन्ट्रॅक्ट म्हणजे उधारी, म्हणून कंपनी पाटी बघते. बहुधा तीन वर्षांचे पत्ते विचारते, ब्रिटनमधलं बँक खातं मागते, आणि कोरी पाटी दिसली की नकार देते किंवा अनामत मागते. नकार आला म्हणून लगेच दुसऱ्या कंपनीत, मग तिसऱ्या, असं करू नये. प्रत्येक पूर्ण अर्जाची नोंद फाइलवर उमटते आणि पुढच्याला ती दिसते. आधी कंपनीच्या साइटवर पात्रता तपासणी असेल तर ती करायची. तिची नोंद इतर कर्जदात्यांना दिसत नाही.

आता एक गोष्ट जी भारतीय मुलांना कुणी सांगत नाही. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे तिथे व्हिसावर राहणारा भारतीय नागरिक मतदार यादीत नाव नोंदवू शकतो. चिनी किंवा अमेरिकन विद्यार्थ्याला हे जमत नाही. अर्ज सरकारी साइटवर, ऑनलाइन, फुकट. नॅशनल इन्शुरन्स नंबर (तिथे नोकरी आणि करासाठी मिळणारा सरकारी क्रमांक) अजून आला नसेल तर तसं कारण लिहून अर्ज पुढे नेता येतो. पत तपासणारे नाव आणि पत्ता या यादीशी ताडून बघतात, त्यामुळे कोऱ्या पाटीवर निदान पहिली रेघ उमटते. हॉस्टेलचा पत्ताही चालतो. खोली बदलली तर नाव नव्या पत्त्यावर न्यायला विसरायचं नाही.

मधला रस्ता म्हणजे सिम ओन्ली: फोन आपला, सिम मासिक बिलावर. १२ महिन्यांचं सिम ओन्ली घेतलं तर महिना आठ-दहा पौंडांची का होईना, वेळेवर फेडीची नोंद पडत जाते. ३० दिवसांच्या फिरत्या योजनांची आणि पे ॲज यू गोची नोंद सहसा पडत नाही. ज्याला शिक्षणानंतर थांबायचं आहे त्याला या वर्षभराच्या नोंदीचा उपयोग होतो. मास्टर्सनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळणार आहे, तेव्हा ३६ महिन्यांचा फोन करार करण्याआधी व्हिसाची तारीख समोर ठेवा. हल्ली ३६ महिन्यांचे करारही खपवतात, हप्ता लहान दिसतो म्हणून.

---

हिशेबी_माणूस

लीड्सकरीण, मतदार यादीचं उत्तम सांगितलंत. पण पहिल्या महिन्यात १२ महिन्यांचं सिमही नको असं माझं मत. हॉस्टेलच्या खोलीत कोणतं नेटवर्क येतं हे तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. ऑफकॉमच्या नकाशावर पिनकोड घालून अंदाज येतो, पण तो खोलीचा नसतो. पहिला महिना ३० दिवसांचं सिम, मग काय ते ठरवा.

---

लीड्सकरीण

मान्य. करार ऑनलाइन किंवा फोनवरून केला तर १४ दिवसांत परत फिरायची मुभा कायद्यानं मिळते. दुकानात जाऊन सही केली तर ती मिळत नाही, दुकानाची मर्जी. म्हणून करायचाच तर ऑनलाइन.

---

टॉवरखालचा

सिम निवडताना नावांना भुलू नका. स्वतःचे टॉवर असलेली नेटवर्कं मोजकी: ईई, ओटू, व्होडाफोन आणि थ्री. शेवटच्या दोघांच्या कंपन्या मे २०२५ अखेरीस एकत्र झाल्या. बाकी सगळे त्यांच्याच टॉवरवर भाड्यानं: गिफगाफ आणि टेस्को मोबाइल ओटूवर, लेबारा आणि व्हॉक्सी व्होडाफोनवर, स्मार्टी आणि आयडी थ्रीवर. हे भाडेकरू घरमालकापेक्षा स्वस्त असतात. १० पौंडांच्या आसपास महिन्याला वीस-तीस जीबी मिळून जातं. घेताना दोनच प्रश्न विचारा: वाय-फाय कॉलिंग आहे का (खोलीत सिग्नल नसेल तर तेच तारतं), आणि भारतात करायच्या कॉलची मिनिटं आहेत का. लेबाराच्या बऱ्याच योजनांत ती असतात.

पहिल्यांदा सिम घालताना मोबाइल डेटा बंद ठेवा. आधी टॉप-अप (रिचार्ज), मग त्यातून पॅक विकत घेणं, पॅक सुरू झाल्याचा मेसेज, आणि मगच डेटा चालू. क्रम चुकला तर फोन मागच्या मागे अपडेट ओढत बसतो आणि टाकलेले १० पौंड सुट्या दरानं उडून जातात. पॅक संपायच्या दिवशीही तेच, म्हणून आपोआप नूतनीकरण लावून ठेवणं बरं.

पण ते भारतीय कार्डावर टिकत नाही बऱ्याचदा. एक तर रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी सुरू करून घ्या. दुसरं, दर महिन्याचं आपोआप पैसे कापणं अडतं. तिथलं बँक खातं होईपर्यंत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून रोखीनं टॉप-अप व्हाउचर घ्यायचं, पावतीवर आकडी कोड येतो.

आणि सिम वापराविना पडू देऊ नका. बहुतेक ठिकाणी सहा महिने काहीच वापर नसेल तर नंबर काढून घेतात, काही ठिकाणी त्याआधीच.

---

जुनं_ते_सोनं

चारशे पौंडांचा नवाच फोन कशाला? तिथे रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण तपासून-दुरुस्त करून विकलेल्या फोनांचा बाजार मोठा आहे. मागच्या पिढीचा वरच्या वर्गातला फोन नव्या मध्यम फोनाच्या किमतीत मिळतो, आणि तो ब्रिटनचाच असल्यानं वर टॉवरखालचांनी सांगितलेल्या दोन्ही कटकटी संपतात. फक्त अपडेट किती वर्षं राहिले ते बघा. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून पुढच्यांना बाजारात आल्यापासून सात वर्षं आहेत, त्याआधीच्यांना कमी.

घ्यायचा तर दुकानाकडून. कुणा अनोळखी माणसाकडून फेसबुक मार्केटप्लेसवर घेऊ नका, आणि त्याचं कारण कॉन्ट्रॅक्टच आहे. लोक करारावर फोन घेतात, विकून टाकतात आणि हप्ते थांबवतात. महिन्याभरानं कंपनी तो आयएमईआय अडवते, आणि तुमच्या हातात वाय-फायवर चालणारी काच राहते. विकत घेताना *#०६# दाबून आयएमईआय बघून काळी यादी तपासली तरी पुढच्या महिन्यात काय होईल ते त्यात दिसत नाही. दुकानाकडून घेतला तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष वस्तू ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यापुढे सहा महिन्यांपर्यंत दोष आधीपासून नव्हता हे दुकानदारानं सिद्ध करायचं, आपण नाही. 'कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा' असं म्हणून तो हात झटकू शकत नाही.

नेटवर्कचं कुलूप असलेले, म्हणजे एकाच कंपनीच्या सिमवर चालणारे, फोन विकायला डिसेंबर २०२१ पासून बंदी आहे. त्याआधीचा फोन असेल तर मात्र विचारून घ्या.

---

सांगलीचा_बाबा

म्हणजे बेत असा: सध्याचा फोन बॅटरी बदलून घेऊन जाऊ दे, तिथं महिनाभर ३० दिवसांचं सिम, मग रिफर्बिश्ड फोन. ओटीपीचं तेवढं सांगा कुणीतरी.

---

लीड्सकरीण

फोन दोन सिमचा हवा, किंवा एक सिम आणि एक ई-सिम. इकडचा नंबर पोस्टपेड असेल तर महिनाभर आधी प्रीपेड करून घ्या, भाडं कमी. निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग सुरू झाल्याचा मेसेज येऊ द्या. ते तिकडून सुरू करायला गेलं तर त्याचा ओटीपी त्याच नंबरावर येतो, आणि तिढा पडतो. विमानात बसण्याआधी भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद. येणारा एसएमएस सहसा फुकट असतो, येणारा कॉल मात्र रोमिंगच्या दरानं लागतो, तेव्हा तो उचलायचा नाही. आजीला आधीच सांगून ठेवा. वैधतेचा रिचार्ज तुम्ही सांगलीतून करत राहा. तारीख कॅलेंडरात टाका, कारण वैधता संपली की ओटीपीही थांबू शकतात. बँकेत ई-मेलही नोंदवून ठेवा.

---

हिशेबी_माणूस

पुढे सिम बदलायचं ठरलं तर नंबर तोच ठेवता येतो. चालू सिमवरून ६५०७५ ला पीएसी ही तीन इंग्रजी अक्षरं पाठवायची. मिनिटभरात कोड येतो, सोबत करार मोडल्याचे किती पैसे लागतील तेही येतं. कोड ३० दिवस चालतो. नव्या कंपनीला तो द्या, एका कामाच्या दिवसात नंबर सरकतो. नंबर ठेवायचाच नसेल तर एसटीएसी लिहून ७५०७५ ला. जुनी कंपनी सोडायला फोन करून विनवण्या कराव्या लागत नाहीत. जुनं सिम आधी स्वतः बंद करू नका, बंद नंबर सरकवता येत नाही.

मासिक बिलाचं सिम घेतलं तर पहिल्याच दिवशी ॲपमध्ये बिलाची मर्यादा शून्य जादा पौंडांवर लावा. ही सोय देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. 'अमर्याद मिनिटं' ब्रिटनमधल्या नंबरांपुरती असतात; सांगलीला थेट लावलेला अर्ध्या तासाचा फोन त्यात बसत नाही.

आणि करार झाल्यावर 'तुमच्या नेटवर्ककडून बोलतोय, बिलात ४० टक्के सूट देतो, आत्ता आलेला कोड सांगा' असा फोन आला तर ठेवून द्यायचा. त्या कोडनं ते तिच्या खात्यावर नवा महागडा फोन मागवतात. फोन तिच्याच दारात येतो, मग 'चुकून आला, या पत्त्यावर परत पाठवा' असा दुसरा फोन. पाठवला की फोन त्यांचा आणि हप्ते हिचे. तसं पाकीट आलंच तर ते फोडायचं नाही आणि त्यांनी दिलेल्या पत्त्यावर धाडायचंही नाही. बिलावरच्या नंबरावर स्वतः फोन लावायचा.